पुठ्ठ्याचा पट पुन्हा पुन्हा का वाकतो : घरगुती खेळांतील बाक ओळखणे आणि काढणे

एप्रिल-मेच्या सुट्टीत मुलांनी हौसेने बनवलेला चौकाबाऱ्याचा किंवा सापशिडीचा पट टेबलावर अगदी सपाट बसतो. मिरगाचा पाऊस सुरू झाला की त्याच पटाच्या कडा वर येऊ लागतात, सोंगट्या घरंगळत मधोमध गोळा होतात आणि पट परातीसारखा दिसू लागला की घरातील मोठी माणसे तो रद्दीत टाकायला निघतात. बेळगाव शहरात आणि विशेषतः खानापूर तालुक्यात ही तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. मुलांच्या खेळवर्गासाठी पुठ्ठ्याचे खेळ बनवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे हेच दुखणे घेऊन आलेले पट मी वर्षानुवर्षे हाताळत आलो आहे, आणि त्यांतील बहुतेक पट वाचतात असा माझा अनुभव आहे. मात्र लोक सर्वप्रथम जे उपाय करतात, म्हणजे पटावर जड वस्तू ठेवणे किंवा आणखी फेविकॉल फासणे, त्यांनी बाक जात नाही. वजन काढले की दोन दिवसांत तो परत येतो. बाकाचे कारण पुठ्ठ्याच्या दुबळेपणात नसते, ते त्याच्या दोन बाजूंमधील विषमतेत असते, आणि पुढील सर्व तपासण्या ही विषमता नेमकी कुठे आहे ते शोधण्यासाठीच आहेत.

लक्षणे

पट चित्राची बाजू वर करून सपाट टेबलावर ठेवावा, डोळे टेबलाच्या पातळीवर आणून चारही बाजूंनी पाहावे आणि दिसेल ते कागदावर लिहून ठेवावे. हे लिहिणे आवश्यक आहे, कारण एका प्रकारच्या बाकावरचा उपाय दुसऱ्या प्रकारावर केल्यास दोष दुप्पट होतो.

कडा वर आणि मध्य खाली असेल, तर वरचा कागद वाळताना आखडला आहे किंवा खालच्या बाजूने ओल शोषली आहे. दहा पटांतील आठ तरी याच प्रकारचे असतात. मध्य वर आणि कडा खाली असतील, तर वरची बाजू फुगली आहे आणि खालची बाजू तिच्याबरोबर फुगू शकलेली नाही. मागच्या बाजूवर मजबुतीसाठी प्लॅस्टिकची चिकटपट्टी सलग लावलेल्या पटांत हे हमखास आढळते. एकच कोपरा उचललेला असून तो दाबल्यावर दुसरा कोपरा उठत असेल, तर तो बाक नसून पीळ आहे आणि त्याचे कारण कागदातील धाग्यांच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेत असते. पट सपाट आहे पण कागदाला फुगे किंवा सुरकुत्या आहेत, हा चिकटण्याचा दोष आहे आणि त्याचा विचार चौथ्या तपासणीत केला आहे. शेवटी पटाची कड बोटांत धरून दाबून पाहावी. ती सादळलेल्या पापडासारखी मऊ लागत असेल आणि कुबट वास येत असेल, तर ओल आतल्या पन्हळींपर्यंत, म्हणजे पुठ्ठ्याच्या पोटातील नागमोडी कागदापर्यंत, पोहोचलेली आहे, आणि ती पूर्ण निघेपर्यंत कोणताही चिकटवण्याचा उपाय करू नये.

पटावर फूटपट्टी आडवी, तिच्या कडेवर उभी धरून मधली फटही मोजावी. एक फुटाच्या पटाला ३ मिलिमीटरपर्यंत बाक असेल, तर खेळात काही अडत नाही आणि माझ्या मते त्याला हात लावू नये. फट एक सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर मात्र नुसत्या वाळवण्याने भागण्याची शक्यता कमी असते.

पहिली तपासणी : काहीही न लावता पट उलटा ठेवून पाहणे

या तपासणीला एक पैसाही लागत नाही. पट ज्या जागी नेहमी ठेवला जातो तेथून उचलावा, टेबलावर दोन पेन्सिली समांतर ठेवून त्यांवर तो चित्राची बाजू खाली करून ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागते, आणि एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी बाक निम्म्यावर आला असेल, तर पटाच्या बांधणीत दोष नसून तो ठेवलेल्या जागेत आहे.

हे सर्वांत आधी करण्याचे कारण असे की, वरचा कागद आखडल्याने येणारा बाक आणि खालून ओल घेतल्याने येणारा बाक दिसायला हुबेहूब सारखे असतात. आपल्याकडील बऱ्याच घरांत शहाबादी फरशी असते आणि पावसाळ्यात तिला घाम सुटतो. त्या फरशीवर खेळून झाल्यावर मुलांनी पट तसाच ठेवला की त्याची खालची बाजू रात्रभर ओल पिते, लांबते आणि कडा वर येतात. असा पट ओला असतानाच त्याच्यावर नवा कागद चिकटवला, तर आतली ओल कोंडली जाते आणि आठवडाभरात बुरशी धरते.

कागदाच्या चाचण्या २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेला घेतात, यावरून जुलैतील ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या हवेत पुठ्ठ्याचे काय होत असेल याची कल्पना यावी. कणकुंबी, जांबोटीकडे तर पावसाच्या दिवसांत अंगावरचे कपडेही वाळत नाहीत, तेथे पेन्सिलीवर ठेवलेला पट कसा वाळणार? तेथे चुलीच्या वरच्या अंगाच्या फळीवर, धगीपासून दूर, पट उभा-आडवा करत दोन-तीन दिवस ठेवावा. कडक उन्हात पट टाकणे किंवा त्याच्यावर गरम इस्त्री फिरवणे टाळावे, कारण उष्णता एकाच बाजूला लागून तीच बाजू आधी आखडते. शिवाय मुलांनी रंग मेणखडूचे दिलेले असतील, तर इस्त्रीखाली सापाची शेपटी शिडीत मिसळलेली दिसेल.

अथणी, रायबागकडच्या कोरड्या भागात गोष्ट बरोबर उलटी असते. खानापुरात जुलैमध्ये बनवलेला पट अथणीच्या मामेभावाला भेट म्हणून गेला की तो तेथे कोरड्या हवेत पाणी सोडतो आणि उन्हाळ्यात वाकतो. असा पट मिळाल्यास तो पहिले काही दिवस दोन्ही बाजूंना हवा लागेल असा ठेवून त्या हवेची सवय होऊ द्यावी.

दुसरी तपासणी : ठेवण्याची जागा

उलटवून सुधारलेला पट पुन्हा वाकू नये म्हणून जागा बदलावी लागते. कपाट आणि बाहेरच्या भिंतीच्या मधल्या फटीत उभा खुपसलेला पट स्वतःच्या वजनाने वाकतो आणि भिंतीची ओलही घेतो. पट नेहमी आडवा, कपाटाच्या मधल्या कप्प्यात, वर सपाट आणि त्याच आकाराची वस्तू, उदाहरणार्थ दुसरा खेळ किंवा नकाशाचे पुस्तक, ठेवून ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा असेल, तर पट आधी पूर्ण वाळलेला असला पाहिजे. बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात, परंतु लहान मुले त्या तोंडात घालतात, त्यामुळे जेथे तीन-चार वर्षांचे मूल आहे त्या घरात मी त्या वापरू देत नाही.

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची पुठ्ठ्याची घरे आणि बुरूज याच कारणाने खालून खचतात. माती ओली असते आणि पुठ्ठ्याची उघडी कड ती ओल वर ओढून घेते, म्हणून घराच्या खाली दुधाच्या पिशवीचा तुकडा घालावा.

तिसरी तपासणी : मागच्या बाजूला काय आहे?

पट उलटा करून मागची बाजू पाहावी. ती कोरी, तपकिरी, खोक्यावरचे शिक्के दिसणारी असेल, तर दोष सापडला असे समजायला हरकत नाही. घरी बनवलेल्या पटांतील सर्वांत मोठी उणीव हीच असते, आणि ती दूर करायला एक कागद आणि थोडी खळ एवढेच लागते.

कागदाला खळ किंवा फेविकॉल लावला की त्यातील पाणी कागदाचे तंतू पितात आणि कागद लांब-रुंद होतो. अशा ताणलेल्या अवस्थेत तो पुठ्ठ्यावर बसतो, आणि वाळताना मूळ मापाला परत जाऊ पाहतो. पुठ्ठ्याला चिकटलेला असल्यामुळे तो एकटा आकसू शकत नाही, म्हणून पुठ्ठ्यालाच आपल्याकडे खेचतो. वरच्या बाजूने एक कागद खेचतो आहे आणि खालून त्याला विरोध करणारे कोणी नाही, म्हणून कडा वर उचलल्या जातात. मागे तसाच कागद, त्याच खळीने, त्याच दिवशी लावला की दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते आणि पट मधल्या मध्ये सपाट राहतो. बाइंडर लोक पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून कागद लावतात त्यात सौंदर्याइतकाच हा हिशेबही असतो.

पन्हळी पुठ्ठ्याचा इतिहासही हेच सांगतो. १८५६ साली इंग्लंडमध्ये पन्हळी कागदाचे पेटंट घेतले गेले ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळण्यासाठी त्याचा वापर केला. तो कागद वाकावा हीच तेव्हा गरज होती. १८७४ साली ऑलिव्हर लाँग यांनी पन्हळींना अस्तराचे सपाट कागद जोडले आणि तेव्हापासून तो ताठ उभा राहू लागला. किराणा दुकानातून आणलेल्या तीन प्लायच्या, म्हणजे तीन थरांच्या, खोक्यात दोन्ही अस्तरांचा हा समतोल कारखान्यात साधलेला असतो, आणि आपण त्याच्या एकाच बाजूला चित्राचा कागद डकवून तो बिघडवतो.

मागे लावायचा कागद शक्य तो चित्राच्या कागदाएवढाच जाड घ्यावा. चित्र ड्रॉइंग पेपरवर असेल, तर मागेही ड्रॉइंग पेपर लावावा. घरात फक्त ‘तरुण भारत’ची जुनी पाने असतील, तर एक पान पुरत नाही, कारण ते पातळ असल्यामुळे त्याची ओढ कमी पडते, दोन किंवा तीन थर द्यावेत आणि शाई हाताला लागू नये म्हणून शेवटचा थर कोऱ्या कागदाचा ठेवावा.

चित्र छपाईच्या दुकानातून एका बाजूने लॅमिनेट करून आणले असेल, तर ते पाहताच ओळखू येते. प्लॅस्टिकची बाजू ओल घेत नाही, मागचा कागद घेतो, आणि पट ऋतूप्रमाणे आत-बाहेर वाकत राहतो. अशा चित्राला मागे कागद लावून पूर्ण गुण येत नाही. एक तर मागची बाजूही प्लॅस्टिकने आणि कडांसह बंद करावी, नाही तर साधे चित्र पुन्हा काढून घ्यावे. मुलांना दुसरे काम करायला सहसा आनंदच वाटतो.

चौथी तपासणी : खळ, फेविकॉल आणि त्यातील पाणी

बाकाचा जोर चिकटवणाऱ्या पदार्थातील पाण्यावर अवलंबून असतो. पुरवून वापरावे म्हणून फेविकॉलमध्ये निम्मे पाणी घालण्याची पद्धत शाळांतून फार आहे, आणि तेच पाणी पट वाकवते. फेविकॉल न पातळ करता घ्यावा आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्याने निपटून इतका पातळ पसरावा, की खालच्या पुठ्ठ्याचा तपकिरी रंग त्यातून दिसत राहील. लहान पटासाठी काडीचा गोंद किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी वापरली, तर पाणी जवळजवळ नसतेच आणि बाकही येत नाही, पण मोठ्या पटावर कडा लवकर सुटतात.

मला स्वतःला मोठ्या पटासाठी मैद्याची खळ आवडते, कारण ती स्वस्त असते, मुलांच्या हाताला लागली तरी धुऊन जाते आणि कागद चुकीचा बसला तर काही मिनिटे सरकवता येतो. एक वाटी मैद्याला साधारण पाच वाट्या पाणी घ्यावे. थोड्या गार पाण्यात मैदा गुठळ्या न ठेवता कालवावा, उरलेल्या उकळत्या पाण्यात ओतून सतत ढवळावे आणि पांढरेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत शिजवावे. गार झाल्यावर ती चमच्यावरून सावकाश घसरली पाहिजे. धार लागत असेल तर ती फार पातळ आहे. पावसाळ्यात ही खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. झुरळे आणि कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची बाइंडर लोकांची जुनी पद्धत आहे, आणि ती घरातील वडीलधारी माणसे आठवणीने सांगतात. मोरचूद विषारी आहे. जे पट मुले हाताळतात आणि ज्यांची कड एखादे धाकटे भावंड चावणार हे ठरलेले असते, त्यांच्या खळीत ते कधीही घालू नये. कसरीपासून बचावासाठी पन्हळींच्या उघड्या कडा कागदाच्या पट्टीने बंद करणे पुरेसे आहे. ओलही त्याच वाटेने शिरते.

कागदाला फुगे येत असतील, तर खळ लावल्यावर कागद लगेच डकवू नये. खळ लावलेला कागद तीन-चार मिनिटे तसाच पडू द्यावा, म्हणजे त्याला जेवढे लांबायचे आहे तेवढे तो पुठ्ठ्यावर जाण्याआधीच लांबतो. मग मधून कडांकडे हात फिरवत तो बसवावा आणि वरून कोरा कागद ठेवून लाटणे फिरवावे. या पद्धतीने फुगे जातात, परंतु कागद जास्त लांबलेला असल्यामुळे वाळताना जास्त खेचतो, तेव्हा मागचा कागद लावणार नसाल तर ही पद्धत वापरू नका. काही फुगे मात्र ठरावीक ठिकाणीच पुन्हा पुन्हा येतात. तो पुठ्ठा कोणत्या खोक्याचा आहे ते पाहावे. कुंद्याच्या किंवा इतर मिठाईच्या खोक्याला आतून तुपाचा डाग लागलेला असतो आणि त्यावर कोणतीही खळ धरत नाही. तो भाग कापून टाकण्यावाचून उपाय नाही.

पाचवी तपासणी : धाग्यांची आणि पन्हळींची दिशा

दोन्ही बाजूंना कागद असूनही पीळ राहतो, तेव्हा दिशा पाहावी लागते. यंत्रावर तयार झालेल्या कागदातील बहुतेक तंतू एकाच दिशेने झोपलेले असतात, आणि ओला झालेला तंतू लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला बराच वाढतो. त्यामुळे कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो आणि आखडतो. वरच्या कागदाचे तंतू उभे आणि मागच्याचे आडवे असतील, तर दोघे वेगवेगळ्या दिशांना खेचतात, आणि एखादा कागद तिरका कापलेला असेल तर एक कोपरा उठतो.

दिशा ओळखण्यासाठी कागदाच्या कोपऱ्यातून काडेपेटीएवढा तुकडा कापावा, त्याच्या एकाच बाजूवर ओले बोट फिरवावे आणि तो तळहातावर ठेवावा. क्षणात त्याची सुरळी होऊ लागते आणि त्या सुरळीची लांबी ज्या दिशेला असते तीच तंतूंची दिशा होय. हा प्रयोग मुलांना फार आवडतो, त्यामुळे तपासणीला सुरुवात केल्यावर घरातील कोरे कागद लपवून ठेवावेत. दोन्ही बाजूंच्या कागदांची तंतूंची दिशा एकच ठेवावी, एवढाच नियम.

पन्हळी पुठ्ठ्यात आणखी एक गोष्ट पाहायची असते. तो पन्हळींच्या रेषेवर सहज दुमडतो आणि त्यांना आडवा चटकन दुमडत नाही. म्हणून मोठा पट एका थरात करू नये. दोन थर घेऊन एकाच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवाव्यात. पुठ्ठ्याच्या गाडीचे डगमगणारे चाकही याच कारणाने वाकलेले असते. तीन चकत्या एकमेकींवर पन्हळींची दिशा बदलत चिकटवल्या आणि मधल्या भोकात विणकरांकडील सुताच्या कोनाचा कापलेला तुकडा बसवला, तर चाक सरळ फिरते. वडगाव-शहापूर भागात असे रिकामे कोन मागितले तर सहज मिळतात.

सहावी तपासणी : दाब देण्याची पद्धत

वर वजन ठेवण्याला मी सुरुवातीला नावे ठेवली, ती वाळलेल्या पटाबाबत. ओल्या पटाला दाब अत्यावश्यक असतो, पण तो सलग आणि पुरेसा वेळ असावा लागतो. पटाच्या दोन्ही बाजूंना कोरे कागद, त्यांच्या बाहेर पटापेक्षा मोठ्या सपाट फळ्या आणि वर वजन अशी रचना करावी. स्वयंपाकघरातील पाटा यासाठी उत्तम, मात्र तो फळीच्या मधोमध ठेवावा. थेट पटावर ठेवल्यास त्याचा ठसा उमटतो. कोरे कागद ओल शोषतात, म्हणून पहिल्या दिवशी ते दोन-तीन वेळा बदलावेत.

दाब कधी काढायचा, हे घड्याळापेक्षा गालाला विचारावे. पट गालाला लावल्यावर गार लागत असेल, तर त्यातून अजून पाणी उडते आहे आणि त्याला परत दाबाखाली ठेवावे. खोलीतील कोरड्या पुठ्ठ्याएवढाच तो लागला की काम झाले. पावसाळ्यात याला दोन दिवसही लागतात, आणि मुले दर तासाला फळी उचलून पाहत असतात हे गृहीत धरावे.

सातवी तपासणी : वाकलेल्या पटाची उलट ओढ

वरील सर्व करूनही बाक राहिला असेल, तर पटालाच विरुद्ध दिशेने खेचावे लागते. नवा कागद नेहमी फुगीर बाजूला लावावा. कडा वर उचललेल्या असतील, तर फुगीर बाजू खालची होय; मध्य वर असेल, तर ती वरची होय. फुगीर बाजूला लावलेला ओला कागद वाळताना तिला आखडवतो आणि पट सरळ होतो. त्याआधी खोलगट बाजू पिळून काढलेल्या ओलसर फडक्याने हलकेच पुसावी, म्हणजे तिची ताठर ओढ सैल पडते. चित्र जलरंगाचे किंवा स्केचपेनचे असेल, तर फडके फिरवू नये, रंग पसरतो. एका थराने निम्मा बाक गेला, तर पूर्ण वाळल्यावर दुसरा थर द्यावा. एकाच दिवशी दोन थर देण्याची घाई केल्यास पट दुसऱ्या बाजूला वाकतो.

यानंतरही उपयोग झाला नाही, तर पाया बदलावा. स्टेशनरीच्या किंवा बाइंडिंगच्या सामानाच्या दुकानात मिळणारा २ मिलिमीटर जाडीचा करडा पुठ्ठा खोक्याच्या पुठ्ठ्यापेक्षा घट्ट असतो आणि कमी ओल घेतो. तो कापणे मुलांच्या हाताचे काम नाही. कटर मोठ्या माणसाने, पोलादी पट्टीला धरून, एका जोरात न कापता अनेक हलक्या ओढींनी चालवावा. पट दुमडणारा करायचा असेल, तर दोन भाग सुती कापडाच्या पट्टीने जोडावेत. पट्टी खेळाच्या बाजूला असेल, तर दोन्ही भाग एकमेकांना टेकवून चालतात. ती मागून लावायची असेल, तर मध्ये पुठ्ठ्याच्या जाडीच्या दुप्पट फट सोडावी लागते, नाही तर पट मिटताना कापड फाटते.

कुठे थांबावे आणि कोणाकडे जावे

पुठ्ठ्याचे थर आतून सुटून कड पानांसारखी उलगडत असेल, तर दुरुस्ती थांबवावी. पन्हळी पुठ्ठ्याचे थर सहसा स्टार्चच्या खळीनेच जोडलेले असतात, आणि ती खळ एकदा भिजून सुटली की वरून किती चिकटवले तरी आतला जोड परत येत नाही. पटावर काळे-हिरवे ठिपके असून कुबट वास येत असेल, तर तो झटकून वापरू नये. बुरशी झाडताना हवेत उडते आणि घरात दमेकरी मूल असेल तर त्रास होतो. तो पट पिशवीत बांधून टाकावा, चित्र प्रिय असेल तर आधी त्याचा फोटो घ्यावा. एकाच कपाटातील दोन-तीन खेळांना बुरशी आली असेल, तर पुठ्ठ्याचा विचार सोडून भिंत तपासावी आणि गवंडी किंवा प्लंबरला बोलवावे. कपाटाच्या मागे मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर ती वाळवी आहे आणि तिच्यासाठी वाळवी-नियंत्रण करणाऱ्यांना बोलवण्यास उशीर करू नये, कारण ती पटानंतर चौकटीकडे वळते. कटरने खोल कापले गेले, जखमेतून रक्त थांबत नसेल किंवा बोट हलवता येत नसेल, तर हळद भरत बसू नये. स्वच्छ कापडाने दाबून धरून थेट दवाखान्यात जावे.

उलट ओढ दोनदा देऊनही पीळ कायम असेल, पट दोन फुटांहून मोठा असेल किंवा तो शाळेत, अंगणवाडीत पुष्कळ मुलांनी वापरायचा असेल, तर बाइंडरकडे द्यावा. त्याच्याकडे लोखंडी शिकंजा असतो आणि तो देतो तेवढा सारखा दाब घरातील कोणत्याही पाट्याने येत नाही. आजी-आजोबांच्या वेळचा छापील पट असेल, तर त्याचा जुना कागद घरी सोडवण्याचा प्रयत्नही करू नये. बाइंडरला पट देताना दोन्ही बाजूंचे कागद आपणच एकाच गठ्ठ्यातून काढून द्यावेत, दोन्ही बाजू एकाच दिवशी चिकटवून शिकंज्यात ठेवायला सांगावे, एका बाजूचे लॅमिनेशन नको हे स्पष्ट करावे आणि खेळ मुलांचा आहे, खळीत मोरचूद घालू नका, हे न विसरता बजावावे. शाळा सुरू होण्याच्या तोंडावर त्याच्याकडे पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे आणि दिवाळीआधी खातेवह्या पडलेल्या असतात, त्यामुळे पट मधल्या दिवसांत न्यावा, म्हणजे तो आठवड्यात परत मिळतो.